झाकली गाडी सव्वा कोटीची

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पुण्यातील माझ्या एका शाळासोबत्याच्या घरी सोने द्यावयास गेलो होतो. चहा होण्यापूर्वीच तो मला लिफ्टने थेट तळघरात घेऊन गेला. तेथे करड्या रंगाच्या मऊ आवरणाखाली त्याची गाडी उभी होती. नव्या नवरीचा शेला बाजूला सारावा तितक्या हळुवारपणे त्याने ते आवरण काढले, पुढच्या बाजूला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले. नारळ मात्र गाडीपासून चार हात लांब फोडला. रंगावर पाण्याचा शिंतोडा उडू नये म्हणून. गाडी पोर्शे ९११. ताकद ३७० अश्वशक्ती. घेतल्याला आठ वर्षे झाली. मी खाली वाकून मागच्या टायरच्या कडेवरचे आकडे वाचू लागलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "काय रे, चाकांच्या पाया पडतोस की काय?"

मी पाया पडत नव्हतो. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. येथे ३९१७ असे आकडे होते. म्हणजे टायर २०१७ सालच्या एकोणचाळिसाव्या आठवड्यात तयार झालेले. त्यांच्यावरची नक्षी मात्र कालच कारखान्यातून आल्यासारखी. आठ वर्षांत गाडी जेमतेम सहा हजार किलोमीटर चालली होती. "पावसात मी काढतच नाही," तो म्हणाला. "आणि ट्रॅफिकमध्ये तर नाहीच नाही. थंडीत एखाद्या रविवारी पहाटे पाचला लोणावळ्यापर्यंत जाऊन येतो. रस्ता रिकामा असतो. तेवढीच काय ती मोकळी सोडायची!"

"तेवढीच काय ती मोकळी सोडायची" या वाक्याशी माझे भांडण आहे आणि हा लेख त्या भांडणाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला अफाट ताकदीची गाडी बाळगावयाची असेल त्याने ती रोज चालवावी. उन्हात, पावसात, धुक्यात. जेथे बर्फ पडते तेथे बर्फात. कचेरीला जाताना आणि भाजी आणताना. हे ज्याला जमत नसेल त्याने ती विकून टाकावी. एरवी झाकून ठेवलेली आणि सणासुदीला मोकळी सोडलेली ताकद मालकालाही घातक असते आणि रस्त्यावरच्या परक्या माणसालाही.

हे ऐकून दोन्ही बाजूंची मंडळी माझ्यावर चाल करून येतील, याची मला कल्पना आहे. एका बाजूला गाडीचे भक्त. त्यांच्या मते अशी वस्तू पावसात काढणे म्हणजे पैठणी नेसून धुणे धुवावयास बसणे. दुसऱ्या बाजूला नीतीचे कैवारी. त्यांच्या मते अशी वस्तू मुळात असूच नये. आणि असलीच तर ती जितकी कमी रस्त्यावर येईल तितके बरे. गंमत अशी, की एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष एका ठरावावर मात्र एकमताने हात वर करतात: गाडी झाकलेलीच बरी. माझा विरोध त्या ठरावाला आहे.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला कैवाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणास मुकले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप. बाल न्याय मंडळाने त्याला प्रथम जामीन दिला तेव्हाच्या अटींत अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती, आणि तिने सारा देश संतापला. तो संताप योग्यच होता. परंतु संताप ओसरल्यावर जो प्रश्न विचारावयास हवा होता तो फारसा कोणी विचारला नाही. एवढी ताकद माणसाच्या पायाखाली येते, तेव्हा ती आवरण्याचे शिक्षण त्याला कोठे मिळते? परवाना देणारा अधिकारी ते विचारीत नाही. आपल्याकडे हलक्या मोटारीचा परवाना एकच: आठशे सीसीची जुनी मारुती चालवा की सहाशे अश्वशक्तीचे धूड, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखीच. गाडी विकणारा विचारीत नाही. त्याला धनादेश वटण्याशी काम. मग उरते एकच शाळा, आणि ती म्हणजे रोजचा रस्ता. सगळ्या प्रकारच्या माणसांनी भरलेला आणि सगळ्या ऋतूंनी झोडपलेला.

मी या शाळेत कसा गेलो ते सांगितले पाहिजे, नाही तर ही सारी पोपटपंची वाटेल. माझी अकरा वर्षे जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या लेओनबर्ग गावी गेली. त्या भागात या गाडीचे अप्रूप नाही. ती तेथल्याच मातीतली आहे. आमच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई राहत. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचे त्यांचे काम. त्यामुळे बोलावणे कधी येईल याचा नेम नसे. त्यांच्याकडे १९८५ सालची ९११ होती आणि ती चार लाख किलोमीटरांहून अधिक चालली होती. गल्लीत दिव्याच्या खांबाखाली ती उघडी उभी असे. फेब्रुवारीत रात्री दोन वाजता बर्फाचा चुरा उडत असताना बाई हातमोजे घालून बाहेर येत, काच खरवडीत, आणि पाचव्या मिनिटाला इंजिनाचा कोरडा खडखडाट गल्लीच्या टोकाला गेलेला असे. बर्फाच्या चढावर पुढे इंजिन असलेल्या गाड्या जागच्या जागी चाके फिरवीत राहत आणि बाईंची गाडी वर जाई. कारण तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले, आणि ते सारे वजन ओढणाऱ्या चाकांना जमिनीवर दाबून धरणारे.

त्यांचे पाहून मीही एक जुनी ९११ घेतली. ३०० अश्वशक्तीची, माझ्या पगाराला न शोभणारी. आणि पहिल्याच ऑक्टोबरात तोंडावर आपटलो. सकाळी कामावर जात होतो. रात्री पाऊस पडून गेलेला, जंगलातल्या वळणावर बीचची पाने चिकटून बसलेली. वळणात शिरल्यावर मागचे चाक किंचित सुटल्यासारखे वाटले, मी घाबरलो आणि कोणीही शहाणा माणूस करील तेच केले: अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. या गाडीत तेच करावयाचे नसते. मागे ओझे जास्त झालेली बैलगाडी उलाळ झाली, असे आपले गाडीवान म्हणतात. ही गाडी कारखान्यातूनच थोडी उलाळ असते. भर वळणात एकदम पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागचे टायर हलके होतात, आणि मागचे जड इंजिन लंबकासारखे बाहेर झेप घेते. एका क्षणात मी ज्या दिशेने आलो होतो तिकडेच तोंड करून गवतात उभा होतो. समोरून कोणी येत नव्हते, एवढेच माझे पुण्य.

संध्याकाळी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "गाडीवर रागावू नका. तिने तुम्हाला फसवले नाही. तुम्ही घाबरलात, आणि तिने ते ऐकले." जानेवारीत पहिले बर्फ पडले तेव्हा त्यांनी मला रविवारी एका रिकाम्या मैदानात नेले आणि तासभर ताशी वीस किलोमीटरच्या वेगात गाडी घसरवावयास लावली. ती घसरण्यापूर्वी आसनाखाली काय कळते, हाताला काय कळते, पाय किती सावकाश सैल करावयाचा, हे सारे वीसच्या वेगात. "जे विसाला शिकता येते," त्या म्हणाल्या, "ते शंभराला शिकायचे नसते."

त्यानंतरच्या आठ हिवाळ्यांत मी जे शिकलो ते या लेखाचे खरे सार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की ताकदवान गाडी रोज चालवणारा माणूस रोज ताकद वापरतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. रोज चालवणारा माणूस रोज ताकद न वापरण्याचा रियाज करीत असतो. शाळेच्या बसच्या मागे तीसच्या वेगाने जाताना, चिकट पावसात सिग्नलवरून निघताना, धुक्यात पुढच्या गाडीचे तांबडे दिवे शोधताना, त्याच्या पायाखाली तीनशे घोडे असतात आणि त्यांपैकी दहा-बारांनाच तो चालू देतो. रविवारी पहाटे पाचला लोणावळ्याला जाणारा माझा मित्र हा रियाज कधीच करीत नाही. त्याच्या गाडीची आणि त्याची भेट होते ती फक्त रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर आणि फक्त वेगासाठी. गाडीने त्याला एकच धडा दिला आहे: दाब, म्हणजे मी पळते. आणि ज्या दिवशी त्या रिकाम्या रस्त्यावर कोणी दूधवाला आडवा येईल, त्या दिवशी त्याला दुसरा धडा लागेल, जो त्याने कधी गिरवलेलाच नाही.

कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेला पैलवान बाजारातून जाताना पाहावा. खांदे आवरून, बायाबापड्यांना वाट देत जातो. त्याला हे रोजच्या जोर-बैठकांनी आणि रोजच्या पाठ टेकण्याने शिकवलेले असते. ताकद अंगात मुरलेली असली की ती दाखवावयाची खाज राहत नाही. खाज असते ती उसन्या ताकदीला.

यंत्राचा जन्मही माझ्याच बाजूने साक्ष देतो. ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून ते ९११ झाले. दोन लिटरचे इंजिन, १३० अश्वशक्ती, मागे मुलांना बसता येईल अशा दोन लहान जागा, पुढे पेटी ठेवण्यास जागा. देव्हाऱ्यात ठेवावयाची वस्तू कोणी अशी करीत नाही. १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षे हिने माँटे कार्लोची रॅली जिंकली, आणि ती रॅली होते जानेवारीत, आल्प्सच्या बर्फाळ घाटांत. पुढे १९७६ च्या मॉडेलपासून तिच्या अंगाच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्यात येऊ लागला. कशासाठी? थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ लोखंड खाते, म्हणून. करणाऱ्यांनी मिठाचा विचार केला. घेणारे मात्र नारळाच्या पाण्याला भितात.

आणि हे खूळ आपल्याकडचेच आहे असेही नाही. तिच्या माहेरीही ते आहे. १९९७ पासून जर्मनीत हंगामी नंबरपाटी मिळते. पाटीच्या उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक: ०४ आणि १०, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. कर आणि विमा तेवढ्या महिन्यांचा. उरलेल्या काळात ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीच, उभीही करता येत नाही. सोय म्हणून ठीक आहे. परंतु पाच महिने ज्या पायांनी त्या गाडीची पायपट्टी शिवली नाही ते पाय एप्रिलच्या पहिल्या कोरड्या रविवारी तिच्यावर पडतात, तेव्हा गेल्या ऑक्टोबराची आठवण पायांत किती शिल्लक असते? त्या रविवारी आमच्या डॉक्टरीणबाई खिडकीतून पाहत म्हणत, "आज आमच्याकडे गर्दी होणार."

शिवाय, झाकलेली वस्तू जशीच्या तशी राहते हाच मुळात भ्रम आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबराची सीलें सुकतात, इंजिन पुरते तापण्याआधीच पुन्हा बंद केले की तेलात बाष्प साठते. आणि टायरचे रबर न झिजताही म्हातारे होते. कडक होते आणि पकड सोडते. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर आणि त्याचा मित्र ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत मरण पावले, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ताशी ८० ते ९३ मैलांच्या वेगाने जात होती, असा तपासाचा निष्कर्ष. दोष वेगाचा, यात शंका नाही. परंतु त्या वेगाला जुन्या रबराचीही जोड होती. रोज चालणाऱ्या गाडीचे टायर नऊ वर्षे टिकतच नाहीत. ते त्याआधीच झिजून बदलले जातात. झाकलेल्या गाडीचे टायर दिसावयास नवे आणि आतून वठलेले. माझ्या मित्राच्या टायरांवरची ती सुंदर नक्षी मला भिववते ती यासाठी.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आधुनिकांचा. ते म्हणतील, "हे सारे जुन्या गाड्यांचे झाले. आताच्या गाडीत घसरण सावरणारी विजेची यंत्रणा असते, रियाज कशाला?" यंत्रणा असते, हे खरे. युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या गाडीत ती सक्तीची आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले असतील. २०१८ साली आलेल्या ९११ च्या पिढीला तर कान दिले आहेत: पुढच्या चाकांच्या कोनाड्यांत आवाज टिपणारे संवेदक आहेत, उडालेले पाणी तेथे आदळू लागले की रस्ता ओला आहे हे गाडी ओळखते आणि चालकाला सूचना देते. मी त्या अभियंत्यांना हात जोडतो. परंतु गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर, आणि त्या चार तळहातांची पकड कोणत्याही संगणकाला वाढवता येत नाही. तो फक्त असेल तेवढी वाटून देतो. कोरड्या डांबरावर ताशी शंभरच्या वेगातली चांगली गाडी ब्रेक दाबल्यापासून सुमारे चाळीस मीटरांत थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तिलाच त्याच्या चौपट-पाचपट अंतर लागते. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरापेक्षा लवकर तरंगू लागतो, आणि ताकदवान गाडीचे टायर रुंदच असतात. उन्हाळी रबर सात अंशांच्या खाली ताठर होऊ लागते. या गोष्टी गाडीला कान असोत वा नसोत, खऱ्याच आहेत. सूचना मिळाल्यावर पाय सावकाश सैल करणारा माणूस शेवटी लागतोच.

दुसरा आक्षेप माझ्या मित्राचा, आणि तो वजनदार आहे. "हे पुणे आहे," तो म्हणाला. "जुलैत येथे रस्ते असतात कोठे? गाडीचे पोट जमिनीपासून चार-पाच इंच. एक गतिरोधक, एक खड्डा, आणि लाखाचा चुराडा." मी म्हटले, बरोबर आहे. पण मग तू चुकीची गाडी घेतलीस. ज्या रस्त्यांवर ती रोज चालू शकत नाही, त्या रस्त्यांवर ती रविवारीही चालवू नये. रस्ता सोमवारी वाईट आणि रविवारी चांगला होत नाही. रविवारी फक्त माणसे कमी असतात. आणि माणसे कमी आहेत म्हणून गाडी काढावयाची, याचा अर्थ इतकाच, की माणसांच्या बरोबर ती चालवण्याचा तुझा स्वतःवर भरवसा नाही.

यावर त्याने किमतीचा मुद्दा काढला. किलोमीटर वाढले की भाव उतरतो. येथे माझा संयम सुटला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण अब्रूसाठी वापरतो. मूठ उघडली तर आत काही नाही हे कळेल, म्हणून ती झाकावयाची. गाडीचेही तेच चालले आहे. ज्याला भावाची चिंता आहे त्याने सोने घ्यावे. ते तिजोरीत निमूट बसते, वळणावर फिरत नाही आणि कोणाच्या अंगावर जात नाही.

तिसरा आक्षेप पेट्रोलचा आणि हवेचा, आणि त्याला माझ्याजवळ चोख उत्तर नाही. अशी गाडी रोज चालवली तर तेल अधिक जळेल. कोणालाही कामावर जाण्यासाठी तीनशे अश्वशक्ती लागत नाही. मलाही लागत नव्हती. म्हणूनच मी "घ्या" असे कोठेही म्हटलेले नाही. माझा हट्ट घेतलेल्यापुरता आहे. जो रोज चालवील त्याला तिचा खर्च, तिचा त्रास आणि तिचा भार रोज कळेल, आणि त्यांतले पुष्कळजण वर्षभरात ती विकून मोकळे होतील. कैवाऱ्यांनी माझ्या पक्षात यावे याला हे एकच कारण पुरेसे आहे.

मी स्वतः भारतात परतलो तेव्हा माझी गाडी लेओनबर्गलाच विकली. येथे ती मी रोज चालवणार नाही, हे मला ठाऊक होते. आता मी मेट्रोने जातो. आणि आमच्या डॉक्टरीणबाई? सत्तरी ओलांडल्यावर रात्री समोरच्या दिव्यांचा त्यांना त्रास होऊ लागला. अंधारात चालवणे बंद, असे त्यांनी ठरवले, आणि त्याच आठवड्यात गाडी विकली. मी म्हणालो, दिवसा तरी चालवता आली असती. निदान आठवण म्हणून ठेवायची. त्या म्हणाल्या, "अर्धा दिवस चालवीन, मग अर्धा महिना, मग एकदा वर्षातून. आणि नेमकी त्याच दिवशी ती मला ओळखणार नाही."

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. सुतार करवतीला हळदकुंकू वाहतो, शेतकरी नांगराला वाहतो. पण ती पूजा वापरातल्या अवजाराची असते. दोन दिवसांनी करवत लाकडावर असते आणि नांगर मातीत. वर्षभर झाकून ठेवलेल्या करवतीला माळ घालणारा सुतार मी अजून पाहिलेला नाही.

दसऱ्याला तळघरातून वर येताना हे सारे मी मित्राला ऐकवले. तो चिडला, आणि चहा गार झाला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. टायर बदलावयास टाकले आहेत, म्हणाला. मी विचारले, आणि गाडी? "बघू," तो म्हणाला. "सोमवारी पाऊस नसला, तर ऑफिसला काढीन म्हणतो." मी म्हटले, असला तर काढ.